पाचाचा पुडा आणि दीड लाख कोटी

ऑगस्ट २०१९ मध्ये पार्ले कंपनीच्या अधिकाऱ्यांनी उघडपणे सांगितले, की बिस्किटांचा खप असाच घसरत राहिला तर आठ-दहा हजार माणसे कमी करावी लागतील. मोटारी खपत नाहीत ही ओरड आधीपासून चालूच होती. पण मोटार न घेतल्याने कोणी उपाशी राहत नाही. इथे पाच रुपयांचा पुडा उचलताना माणूस दोनदा विचार करू लागला होता. कंपनीचे म्हणणे एवढेच होते, की किलोला शंभर रुपयांच्या आतल्या बिस्किटांवरचा १८ टक्के जीएसटी खाली आणा.

सरकारने ऐकले. म्हणजे, कोणाचे तरी ऐकले. महिनाभरातच, २० सप्टेंबरला, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पणजीत पत्रकारांना बोलावले. गोव्यात त्याच दिवशी जीएसटी परिषदेची बैठक होती, म्हणजे बिस्किटाचा प्रश्न सुटायला त्याहून योग्य जागा नव्हती. घोषणा झाली ती कंपनी कराची: ३० टक्क्यांवरून २२, आणि नवा कारखाना काढणाऱ्याला फक्त १५. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांवर सरकारने पाणी सोडले. सेन्सेक्स एका दिवसात १९०० अंशांहून वर उसळला. बिस्किटावरचे १८ टक्के मात्र होते तिथेच राहिले, ते उतरले २२ सप्टेंबर २०२५ रोजी. कंपन्यांच्या नफ्याला महिन्यात न्याय मिळाला, पुड्याला सहा वर्षे लागली.

मी तालुक्याच्या गावी करसल्लागार आहे. किराणा, कापड, हार्डवेअर, मेडिकल, झालेच तर दोन-चार छोटे ठेकेदार, यांची विवरणपत्रे भरणे हा माझा धंदा. अर्थशास्त्रज्ञ म्हणवून घ्यायची हौस नाही. पण बाजारात मागणी आटली की ती सर्वांत आधी माझ्यासमोरच्या विक्रीच्या आकड्यांत दिसते. दिल्लीला ती दिसेपर्यंत दोन हंगाम उलटलेले असतात. मागणी कुठून येते, कोणाच्या हातात रुपया दिला की तो फिरतो आणि कोणाच्या हातात गेला की बसून राहतो, हे राज्यकर्त्यांना कळत नाही असे आपण समजतो. मला हे मान्य नाही. त्यांना ते पक्के ठाऊक आहे. निवडणूक चार महिन्यांवर आली की त्यांचा एकही नेम चुकत नाही, हाच त्याचा पुरावा.

राज्य सरकारच्या ‘लाडकी बहीण’ योजनेचा हप्ता जमा झाला की माझ्या एका किराणा दुकानदाराकडे काय घडते ते मी गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून पाहतो. बाया येतात त्या बँकमित्राकडे अंगठा लावूनच. हातात पाचशेच्या तीन नोटा. पहिली नोट उधारीच्या वहीवर पडते. दुकानदार आधीच्या आकड्यावर काट मारतो आणि त्याच पानावर नवी उधारी लिहायला जागा ठेवतो. दुसऱ्या नोटेत तेलाची पिशवी, अर्धा किलो तूरडाळ, चहापत्ती, साबण आणि सोबत आलेल्या पोराने आधीच फोडलेला बिस्किटाचा पुडा. तिसरी नोट शेजारच्या चपलेच्या दुकानात नाहीतर मेडिकलमध्ये जाते. दिवस मावळेपर्यंत दीड हजार संपलेले असतात. दुकानदार दुसऱ्या दिवशी ठोक व्यापाऱ्याला फोन लावतो, व्यापारी टेम्पोवाल्याला, टेम्पोवाला पंपावर डिझेल भरतो. पिशवीवर, साबणावर, चपलेवर जीएसटी, आणि डिझेलवर अबकारी कर व राज्याचा व्हॅट. सरकारने दिलेल्या दीड हजारातला काही भाग गावाची सीमा ओलांडण्याआधीच सरकारकडे परत निघालेला असतो.

हेच दीड हजार मला दिले असते तर? माझ्या घरी तेल तेवढेच लागते. माझा म्युच्युअल फंडाचा हप्ता वाढला असता, एवढेच. आणि एखाद्या मोठ्या कंपनीला कोट्यवधी सोडले तर ती काय करते, हे मी सांगायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेनेच २०१९-२० च्या वार्षिक अहवालात नोंदवून ठेवले आहे: कंपनी करातल्या सवलतीचा पैसा कर्जफेडीत, रोख शिल्लक वाढवण्यात आणि तत्सम गोष्टींत गेला, नव्या गुंतवणुकीचे चक्र काही त्याने फिरले नाही.

का फिरावे? रिझर्व्ह बँकेच्याच पाहणीनुसार त्या काळात कारखाने जेमतेम ७० टक्के क्षमतेने चालले होते. ज्याची तीस टक्के यंत्रे झाकून ठेवलेली आहेत, तो कर कमी झाला म्हणून नवे यंत्र कशाला आणील? त्याला गिऱ्हाईक हवे होते. सरकारने त्याला गिऱ्हाईक सोडून बाकी सगळे दिले. त्या आर्थिक वर्षात विकासदर चार टक्क्यांच्या आसपास घसरला, कंपनी कराची वसुली ६ लाख ६३ हजार कोटींवरून ५ लाख ५७ हजार कोटींवर आली. त्याच वर्षी ग्रामीण रोजगार हमीला तरतूद होती ६० हजार कोटींची. वर्षभर देशातल्या सगळ्या जॉबकार्डवाल्यांना मिळून जेवढे, त्याच्या दुपटीहून जास्त एका सकाळच्या पत्रकार परिषदेत वरच्या मजल्यावर पोहोचले.

आणि गिऱ्हाईक गायब झाल्याचे सरकारला माहीत नव्हते, असेही नाही. २०१७-१८ ची ग्राहक खर्चाची राष्ट्रीय पाहणी हातात होती. ती फुटली तेव्हा कळले, की महागाई वजा केल्यावर माणशी मासिक खर्च सहा वर्षांत वाढायच्या ऐवजी ३.७ टक्क्यांनी कमी झाला होता, खेड्यांत तर ८.८ टक्क्यांनी. नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने आकडेवारीच्या दर्जाचे कारण दाखवून ती पाहणीच रद्दबातल केली. ताप आला की थर्मामीटर फोडायचा, ही तऱ्हा. माझ्या एखाद्या दुकानदाराने विक्री घटली म्हणून विक्रीचे रजिस्टरच जाळले असते तर जीएसटीच्या अधिकाऱ्याने त्याला काय केले असते, हे मी चांगले जाणतो.

पुढच्या वर्षी कोरोना आला आणि उरलेसुरले उघड झाले. मे २०२० मध्ये वीस लाख कोटींच्या पॅकेजची गर्जना झाली. त्यात मोठा भाग कर्जाचा, कर्जाच्या हमीचा आणि बँकांच्या हाती पैसा खेळता ठेवण्याचा. दुकान बंद, गिऱ्हाईक घरात, आणि सरकार म्हणते कर्ज घ्या! जनधन खात्यांतल्या महिलांना महिना पाचशे दिले, तेही तीनच महिने. धान्य दिले, ते मात्र खरे कामाचे. ते नसते तर काय झाले असते याचा विचार नको. पण त्याच मे महिन्यात, टाळेबंदी चालू असताना, पेट्रोलवरचा केंद्रीय कर लिटरमागे १० रुपयांनी आणि डिझेलवरचा १३ रुपयांनी वाढवला. त्याआधी मार्चमध्ये तीन-तीन रुपये वाढवलेच होते. जगात खनिज तेल मातीमोल झाले होते. ती स्वस्ताई लोकांच्या खिशात पडली असती तर बाजार सुरू होताच ती खर्चाला बाहेर आली असती. ती सरकारने मधल्यामध्ये उचलली. डिझेल म्हणजे भाजीचा टेम्पो, ट्रॅक्टरची नांगरट, एसटीचे तिकीट. एका हाताने पाचशे ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने प्रत्येक लिटरमागे ओरबाडायचे, याला मागणी वाढवणे म्हणतात म्हणे.

करवाढ म्हणजे पाप, असे माझे म्हणणे नाही. माझे पोट करावर चालते. प्रश्न कोणावरचा कर, एवढाच आहे. अप्रत्यक्ष कर तळातल्या माणसाच्या खर्चातूनच कापला जातो, कारण त्याच्याकडे खर्चाखेरीज काही नसते. वरच्याच्या करातून बचत कमी होते, खर्चाला फारशी झळ लागत नाही. म्हणून वरून घेऊन खाली दिले तर तिजोरीवर जादा भार न पडताही बाजारात मागणी वाढते. आपण चालवले आहे ते नेमके उलटे: २०२३-२४ मध्ये माणसांनी भरलेला प्राप्तिकर १० लाख ४५ हजार कोटी आणि कंपन्यांनी भरलेला ९ लाख ११ हजार कोटी. पगारदाराने कंपन्यांना मागे टाकले. मग त्या पगारदाराला शांत करायला फेब्रुवारी २०२५ मध्ये बारा लाखांपर्यंत प्राप्तिकर माफ, त्यात सुमारे एक लाख कोटी गेले. पगारदारांनी पेढे वाटले. ज्याचे वर्षाचे उत्पन्न दीड-दोन लाख, त्याला या पेढ्याचा वाससुद्धा आला नाही, कारण तो प्राप्तिकर भरतच नव्हता. तो भरत होता बिस्किटावरचे १८ टक्के. त्याची पाळी आली त्यानंतर सात-आठ महिन्यांनी, आणि त्या जीएसटी कपातीचा सरकारनेच सांगितलेला निव्वळ बोजा ४८ हजार कोटींचा. मग काही दिवस पाचाच्या पुड्यावर ४ रुपये ४५ पैसे छापून आले, आणि गल्ल्यात पंचावन्न पैसे कुठून आणायचे यावर दुकानात हास्यविनोद झाले.

या सगळ्यावर एक ठरलेले उत्तर येते: ऋण काढून सण करू नये. सरकारनेही अंथरूण पाहून पाय पसरावेत. टीव्हीवरच्या तज्ज्ञांपासून पतसंस्थेच्या संचालकांपर्यंत सगळे हे ऐकवतात. घराला हे लागू आहे, कारण माझ्या घराने खर्च आवरला म्हणून माझी कमाई घटत नाही. सरकारचे तसे नाही. सरकारने रस्त्याचे, शाळेचे, मजुरीचे पैसे आवरले की ठेकेदाराची, शिक्षकाची, मजुराची कमाई तेवढ्याने घटते. त्यांचा खर्च घटला की दुकानदाराची विक्री घटते. विक्री घटली की सरकारचा करच घटतो. मंदीत काटकसर करणारे सरकार आपलेच अंथरूण आखूड करत असते. याला मर्यादा आहे, हेही सांगतो, नाहीतर मला खिरापतीचा वकील ठरवाल. गोदामात माल पडून असेल, हात रिकामे असतील, तेव्हाच हा खर्च मालाला उठाव देतो. मालच नसेल तर तोच पैसा भाव चढवतो. २०१९ मध्ये माल होता, हात होते, यंत्रे होती. नव्हते फक्त गिऱ्हाईक.

हे सगळे परदेशी पुस्तकांतून शिकायची महाराष्ट्राला गरजही नव्हती. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावर पुस्तक लिहिले. त्यात ग्रामीण बांधकामातून रोजगाराची हमी द्या आणि त्याचा भार वरच्या थरातल्या लोकांवर टाका, असे सांगितले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तर तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ पासूनच त्याचा प्रयोग चालवला होता. १९७२ चा दुष्काळ पडला आणि ऐन कडाक्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामांवर आली. खडी फोडली, पाझर तलाव बांधले, रस्ते केले. मुकादमांनी मस्टरवर खोटी नावे चढवली, तेही खरे. पण शनिवारी पगार वाटला की रविवारचा बाजार भरत होता. पाऊस नसताना, पीक नसताना. आजही जुने व्यापारी सांगतात, की दुष्काळात दुकान टिकले ते खडीवरच्या बायांमुळे.

मला यात सर्वांत भावतो तो पैशाचा उगम. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला तो रोजगार हमीसाठी. मुंबईतल्या कारकुनाच्या, वकिलाच्या, डॉक्टरच्या कमाईतून थोडी रक्कम कापायची, तेवढीच राज्याने आपल्याकडून घालायची आणि ती माणच्या, आष्टीच्या, जतच्या माळरानावर मजुरी म्हणून पोहोचवायची. वरून घेऊन खाली देण्याचा इतका सरळ कायदा मी दुसरा पाहिलेला नाही. सगळ्या पक्षांनी तो उचलून धरला. १९७७ मध्ये हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि २००५ मध्ये देशाने तो उचलला.

आता दिल्लीचा आवडता मंत्र वेगळा आहे: भांडवली खर्च. केंद्राचा हा आकडा २०१९-२० मध्ये ३ लाख ३६ हजार कोटी होता, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ११ लाख २१ हजार कोटी झाला. समर्थनार्थ एक अभ्यास पुढे केला जातो, सुकन्या बोस आणि एन. आर. भानुमूर्ती यांचा २०१३ चा: भांडवली खर्चाच्या एका रुपयाने उत्पन्नात २.४५ रुपयांची भर, हातात दिलेल्या रुपयाने ९८ पैशांची. मी तो आकडा नाकारत नाही. पण भांडवली खर्च म्हणजे सगळे एकच नव्हे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, सुमारे ५५ हजार कोटी. गाडी सुसाट जाते, कबूल. मात्र काम यंत्रांचे, आणि रस्ता असा बंदिस्त की कडेच्या गावातल्या चहावाल्याला एक कप विकता येत नाही. पाझर तलावही भांडवली खर्चच होता. त्यातला बहुतेक पैसा मजुरी होती आणि खाली विहिरीला पाणी येत होते. कुठल्या भांडवली खर्चातून किती हातांना काम मिळते, हा रकाना अर्थसंकल्पाच्या भाषणात कधी वाचून दाखवला जात नाही. किलोमीटर वाचून दाखवतात.

जुलै २०२२ मध्ये बुंदेलखंड द्रुतगती महामार्गाच्या उद्घाटनाला पंतप्रधानांनी रेवडी संस्कृतीवर कोरडे ओढले. दोनच वर्षांनी महाराष्ट्रात त्यांच्याच पक्षाच्या महायुतीने दरमहा दीड हजारांची ‘लाडकी बहीण’ योजना आणली, जुलै ते नोव्हेंबरचे पाचही हप्ते निवडणुकीआधी खात्यांत टाकले, पडताळणीचा विचार मतमोजणीनंतर केला. मग नावे कापली गेली. त्यात काही हजार पुरुषही बहिणी म्हणून सापडले. विरोधकांचे काय? ते आधी खिरापत म्हणाले आणि जाहीरनाम्यात तीन हजार लिहून मोकळे झाले. बाईच्या हातात पैसा देणे योग्यच होते, हे मी वर गल्ल्याशेजारी बसून सांगितलेच आहे. चीड येते ती पैसा कुठून आणला याची. वर्षाला चाळीस-पन्नास हजार कोटींची योजना आणि वरच्या थरावर नव्या कराचा म्हणावा तसा भार नाही. जमिनीच्या व्यवहारात कोट्यवधी कमावणाऱ्यांना हात लावायचा नाही. सरकारच्या अंदाजाने राज्याचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर गेले तरी चालेल, आणि बाकीचे ठेकेदारांची बिले अडवून भागवायचे.

हा बिले अडवण्याचा प्रकार मी जवळून पाहतो. माझ्याकडचा एक ठेकेदार, जिल्ह्यातले छोटे पूल आणि शाळेच्या खोल्या बांधणारा. काम पूर्ण, मोजमाप पुस्तिकेत नोंद, बिल मंजूर, निधी नाही. त्याच्याकडे सिमेंटवाल्याचे थकले, सळईवाल्याचे थकले. सळईवालाही माझ्याचकडे येतो, त्यामुळे एकच थकबाकी मी दोन फायलींत पाहतो. जेसीबीचा हप्ता चुकला. सेंट्रिंगवाली पोरे पुण्याला निघून गेली. त्यांच्या बायकांना दीड हजार मिळतात. सरकारने घरातल्या एकाची मजुरी बुडवून दुसरीला ओवाळणी घातली आणि बाजारात मागणी वाढल्याचे श्रेय घेतले.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगार हमीचा कायदाच बदलला. शंभरऐवजी सव्वाशे दिवस, हे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत. खालची अक्षरे अशी: राज्याने ४० टक्के खर्च उचलायचा, शेतीच्या हंगामात साठ दिवस कामे बंद, आणि कोणत्या राज्याला किती नियतव्यय ते केंद्र आधी ठरवणार, वर लागले तर राज्याने पाहून घ्यावे. जुन्या हमीची सारी ताकद एकाच गोष्टीत होती. पाऊस गेला, गावात काम मागणारे वाढले, की खर्च आपोआप वाढायचा. त्यासाठी कोणा मंत्र्याला जाग यावी लागत नव्हती. पाऊस आला की आपोआप उतरायचा. मंदीवरचा इतका शहाणा उपाय अर्थखात्याने दुसरा शोधलेला नाही, आणि हातचा होता तोच मोडला. आता माण तालुक्यात दोन हंगाम कोरडे गेले तर जादा खर्च उचलायचा कोणी? ज्या राज्याकडे शाळेच्या खोलीचे बिल द्यायला निधी नाही, त्याने.

व्यवसाय कर मात्र चालूच आहे. परवाच एका शिक्षकाने पगाराची पावती पुढे करून विचारले, फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का कापतात? त्याला सांगितले, की अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे, अशी अडीच हजारांची बेरीज जुळवायची असते. हा कर कशासाठी बसवला होता, हेही सांगितले. तो म्हणाला, “साहेब, मग अजून कापा की. पण माझ्या बापाच्या गावात मस्टर तरी निघू द्या.”